‘एक सुई द्या, सुटेल बिचारी’

मागच्या अंकात मी ऑपरेशनच्या भुलीविषयी लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र मरणाविषयीची. मी अमळनेरला ३१ वर्षं भूल दिली. माणसाला झोपवायचं आणि परत आणायचं, हेच काम. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाते. अमळनेर, पारोळा, चोपडा, एवढाच माझा पट्टा. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, काही गावंही बदलली आहेत.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. गालाचा कॅन्सर. मुंबईला ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक दिला, तरी पुन्हा उठला. आता ‘घरी न्या, सेवा करा’ म्हणून सांगितलंय. डायक्लोफिनॅकची गोळी चालू आहे. रात्रभर कण्हते. जखमेला वास येतो म्हणून घरातल्या बाया ताट उंबऱ्यापाशी ठेवून निघून जातात. ती मला म्हणते, ‘माले एक सुई दई टाक रे भाऊ.’ दोन वर्षांपूर्वी आमच्या बैलाचा पाय मोडून सडला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला मोकळं केलं. माझ्या आईला बैलाएवढीही दया का मिळू नये? (केळी बागायतदार, चोपडा तालुका)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कायद्याचं नंतर बोलू, आधी आईच्या दुखण्याचं.

डायक्लोफिनॅकवर हे दुखणं भागणार नाही. चेहऱ्याच्या हाडांत आणि नसांत उतरलेल्या कॅन्सरला मॉर्फिन लागतं. तोंडाने घ्यायची साधी गोळी असते. दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. दुखायला लागायची वाट पाहायची नाही. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून पाण्यात विरघळवून देता येते. डॉक्टर थोड्या मात्रेने सुरुवात करतात आणि दुखणं आवाक्यात येईपर्यंत वाढवत नेतात. पहिले काही दिवस मळमळते, गुंगी येते, मग ते कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र राहतंच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. ‘मॉर्फिन लावलं म्हणजे आता संपलंच’ असं ओट्याओट्यावर बोलतात. दुखण्याच्या मापाने दिलेल्या मॉर्फिनने माणूस मरत नाही. गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस आई खूप झोपली तर घाबरू नका. कित्येक रात्रींची झोप साचलेली असते.

ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, हे खरं. आणि याचा मला राग आहे. मॉर्फिन अफूपासून करतात, आणि औषधासाठीची परवान्याची अफू मंदसौर-नीमच भागात पिकते, आपल्या खान्देशापासून ते फार लांबही नाही. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन ठेवण्याचे नियम इतके जाचक झाले, एका औषधासाठी इतके वेगवेगळे परवाने लागू लागले, की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मान्यता मिळालेल्या रुग्णालयाला ते ठेवणं पुष्कळ सोपं आहे. तरी जुनी भीती गेली नाही. तुमच्याकडे मुंबईची फाइल आहे. तिथल्या ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या सेवेच्या, विभागाचं नाव घेऊन विचारा. आईला सोबत न्यावंच लागेल का, हेही आधी फोनवर विचारा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही हाच शब्द उच्चारून चौकशी करा. ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणालात तर पुन्हा डायक्लोफिनॅकच हातात पडेल.

आता वासाचं. मला वाटतं, तुमच्या पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच आहे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या अगदी मऊ कुटून ती पूड जखमेवर टाकतात, वर ओलसर गॉज ठेवतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून हे लगेच सुरू करा. जुनी पट्टी ओढून काढू नका, सलाईनच्या पाण्याने भिजवून सोडवा. दोन-चार दिवसांत वास पुष्कळ उतरतो. औषध साधं आणि स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं.

मागच्या वर्षी पारोळा तालुक्यात अशीच एक आजी होती. मिसरी लावायची सवय, जिभेचा कॅन्सर. पहिल्या भेटीत मला म्हणाली, ‘देव माले काब्र लई जात नही?’ आणि माझ्या पिशवीकडे बोट दाखवून सुई मागितली. खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. नातवंडांना दारातूनच परत फिरवत. गोळी सुरू झाली, जखमेची पूड सुरू झाली. आठव्या दिवशी गेले तर मोठी सून तिच्या खाटेवर बसून तिचे केस विंचरत होती. आजीने सुईचा विषय काढला नाही. कानबाईच्या दिवशी म्हणाली, ‘माले ओटावर बसाडा.’ पुढे सात आठवडे जगली. शेवटच्या दिवसांत तिचं दुखणं शून्यावर आलं होतं असं मी म्हणणार नाही. पण एकटं पडणं गेलं होतं, आणि सुई ती बहुतेक त्यासाठीच मागत होती.

म्हणून बैलाच्या दाखल्याला माझं उत्तर असं आहे. बैलाला विचारता येत नाही. त्याला आपण फक्त जखमेवरून ओळखतो. आईला विचारता येतं, ‘माय, काय चाललंय तुझ्या मनात?’ बैलाला आपण ओझं झालो असं वाटत नाही. तुमच्या आईला वाटतं. केळी विकून आलेले पैसे दवाखान्यात जाताना तिने पाहिलेत, ताट उंबऱ्यापाशी राहतं तेही पाहिलंय. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून मरणासन्न रुग्णाने स्वतः घ्यायचं मरणाचं औषध डॉक्टर लिहून देऊ शकतात. औषध का मागितलं याची कारणं तिथे दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्यांत वेदना पहिल्या क्रमांकावर नाहीत. स्वतःवरचा ताबा गेला, आवडतं काही करता येत नाही, मान उरला नाही, ही कारणं वर असतात, आणि घरच्यांवर ओझं होण्याची भीतीही पुष्कळजण सांगतात. तिथल्या रुग्णाकडे निदान औषध, नर्स, घरी येणारी मदत हे सगळं असतं आणि मग तो निवडतो. आपल्या आईकडे डायक्लोफिनॅक आहे. मॉर्फिन न देता सुई देणं याला मी दया म्हणू शकत नाही.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. मरण यावं म्हणून इंजेक्शन देणं आपल्याकडे गुन्हा आहे, आईने संमती दिली तरीही. कुणी गावात ‘मी देतो’ म्हणाला तर त्याला आईजवळ फिरकू देऊ नका. आणि रात्र रात्र जागून तुमच्याच मनात स्वतःविषयी तसले विचार यायला लागले असतील, तर १४४१६ या ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक मदतीच्या नंबरवर फोन करा, मराठीतही बोलतात. तुमच्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी मी इथे छापलेल्या नाहीत, पण मी त्या वाचल्या आहेत.

एक कबुली द्यायला हवी. सगळ्यांच्याच बाबतीत माझ्याकडे एवढं नेमकं उत्तर नसतं. धरणगाव बाजूचे एक निवृत्त गुरुजी होते. मोटर न्यूरॉनचा आजार. दुखत नव्हतं, घरचे जिवापाड करत होते, पैशाची चणचण नव्हती. हात गेले, मग गिळणं, मग बोलणं. पाटीवर डोळ्यांनी अक्षरं दाखवून त्यांनी मला विचारलं, ‘पुढचं सगळं मला पाहायलाच हवं का?’ त्यांना मॉर्फिनचं आणि वासाचं उत्तर लागू नव्हतं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून अशा माणसाला दोन डॉक्टरांच्या तपासणीनंतर मागता येतं ते इच्छामरण त्यांना आपल्याकडे मागता येत नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगू शकले की श्वासाचं मशीन लावायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, आणि गुदमरल्यासारखं वाटू नये याची औषधं मी स्वतः उभी राहून देईन. त्यांनी मशीन नाकारलं. मी उभी राहिले. तरी त्यांच्या प्रश्नाला ते पुरतं उत्तर होतं असं मला आजही वाटत नाही.

प्रश्न : आमच्या घरात आजीने संथारा, म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडण्याचं जैन व्रत, घेतला होता. काही जण त्याला आत्महत्या म्हणतात, याचं फार वाईट वाटतं. डॉक्टर म्हणून तुम्ही काय म्हणाल? (वाचक, जामनेर)

उत्तर : २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या रांगेत बसवलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. खान्देशातल्या जैन घरांत तेव्हा किती घालमेल होती ते मी जवळून पाहिलंय. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध सोडलं, तेव्हा त्यांना फारसं कुणी आत्महत्या करणारा म्हटलं नाही. मी डॉक्टर म्हणून दोन गोष्टी पाहते. निर्णय त्या माणसाचाच होता का, आणि त्याने मध्येच पाणी मागितलं तर त्याला ते मिळालं असतं का? तुमच्या पत्रात आजींनी सहाव्या दिवशी पाणी मागितल्याचं आणि तुमच्या आईंनी लगेच दिल्याचं आहे. मला तेवढं पुरे आहे.

प्रश्न : मी धुळ्याला कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात वादविवाद आहे : फाशीऐवजी विषारी इंजेक्शन द्यावं का? माझी बाजू ‘द्यावं’ अशी आहे. इंजेक्शनने माणूस झोपेतच जातो, मग ते जास्त माणुसकीचं नाही का?

उत्तर : बेटा, तुझी बाजू मांडायला आधार आहेत. विधी आयोगाने २००३ च्या १८७ व्या अहवालात फाशीला पर्याय म्हणून इंजेक्शनची शिफारस केली होती. त्याआधी १९८३ मध्ये दीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची पद्धत घटनेला धरून आहे असं सांगितलं. २०१७ मध्ये एका वकिलांनी पुन्हा याचिका करून कमी वेदनेचा मार्ग मागितला. हे सगळं तू वर्गात सांग. पण ‘झोपेतच जातो’ हे वाक्य बोलण्याआधी माझं ऐक, कारण त्यातलं पहिलं औषध मी रोज हातात धरत असे.

त्याचं नाव थायोपेंटल. आम्ही पेंटोथाल म्हणायचो. फिकट पिवळी भुकटी, एका ग्रॅमची बाटली, ४० मिलिलिटर पाण्यात कालवली की अडीच टक्क्यांचं द्रावण. शिरेतून द्यायला लागलं की कित्येक पेशंट म्हणत, ‘तोंडात लसूण आल्यासारखा वाटतोय.’ पुढचा शब्द पुरा व्हायच्या आत झोपलेले असत. हजारो माणसांना मी ते दिलं. आणि दिल्याक्षणी माझा हात त्यांच्या हनुवटीखाली असे, कारण हे औषध श्वास थांबवतं आणि तो श्वास आता माझी जबाबदारी असतो.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्याने १९७७ मध्ये इंजेक्शनने मृत्युदंडाचा कायदा केला. जे चॅपमन नावाच्या तिथल्या सरकारी शवविच्छेदन अधिकाऱ्याने कृती सुचवली. ७ डिसेंबर १९८२ ला टेक्सासमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. तीन औषधं, एकामागून एक. आधी थायोपेंटल, झोपेसाठी. मग पॅन्क्युरोनियम, ज्याने हालचालीचा प्रत्येक स्नायू लुळा पडतो, श्वासाचेसुद्धा. शेवटी पोटॅशियम क्लोराइड, हृदय थांबवण्यासाठी. तिन्ही माझ्या ऑपरेशन थिएटरच्या कपाटात होती. पोटॅशियम सलाईनमध्ये किती सावकाश सोडायचं हे कुठल्याही सिस्टरला विचार. जोरात गेलं तर पेशंट ‘हात जळतोय’ म्हणून ओरडतो.

आता भूलतज्ज्ञाच्या मनातली सगळ्यात मोठी भीती सांगते. पेशंट लुळा झालाय पण झोपलेला नाही, ही ती भीती. त्याला सगळं कळतं, दुखतं, आणि पापणीसुद्धा हलवता येत नाही. पहिलं औषध कमी पडलं किंवा शिरेबाहेर गेलं तर या तिघांच्या जोडणीत नेमकं हेच होऊ शकतं. काचेपलीकडून पाहणाऱ्याला चेहरा शांत दिसणार, कारण दुसऱ्या औषधाने चेहराच बंद केलाय. त्या शांत चेहऱ्यावरून ‘झोपेत गेला’ असं म्हणायची माझी हिंमत नाही.

पुढची कहाणी औषधाच्या टंचाईची आहे. २०११ मध्ये थायोपेंटल करणाऱ्या अमेरिकी कंपनीने उत्पादन थांबवलं. युरोपने अशा कामासाठी औषध निर्यात करायला बंधन घातलं. मधल्या काळात एका राज्याने ते कुठून मागवलं असेल? मुंबईतल्या एका कंपनीकडून. ते कशासाठी चाललंय याचा बोभाटा झाल्यावर त्या कंपनीने विक्री थांबवली. मी ती बातमी वाचली त्या दिवशी सकाळी सिझेरियनच्या एका मुलीला हेच औषध दिलं होतं. बातमी वाचून संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात गेले आणि तिच्या बाळाच्या पाळण्याशी जाऊन उभी राहिले. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मग राज्यांनी दुसरी औषधं धरली. २९ एप्रिल २०१४ ला ओक्लाहोमातच एका कैद्याची शीर धड सापडली नाही, औषध मांसात पसरलं, तो तडफडला आणि सुरुवातीपासून ४३ मिनिटांनी गेला. तुझ्या विरुद्ध बाजूचा वक्ता हे नक्की सांगेल.

याच्या मुळाशी जो पेच आहे त्यावर वर्गात बोललास तर मला आनंद होईल. अमेरिकेतल्या डॉक्टरांची संघटना सांगते की डॉक्टरने मृत्युदंडात भाग घेऊ नये. म्हणून पुष्कळदा सुई टोचतो तो कमी शिकलेला माणूस, आणि कैद्याचे हाल होतात. हाल टाळायचे तर माझ्यासारखीने जायला हवं. मी गेले तर हनुवटीखालचा माझा हात काढून घ्यावा लागेल. मी जाणार नाही. तिथे खाटेवर झोपलेल्याने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. त्याला पट्ट्यांनी बांधलेलं आहे. नेदरलँड्समध्येही आधी गाढ झोपेचं आणि मग स्नायू लुळे करणारं औषध देतात, म्हणजे बाटल्या जवळपास त्याच. पण तिथे माणसाने स्वतः, पुन्हा पुन्हा मागितलेलं असतं आणि दोन डॉक्टरांनी त्याच्याशी बसून बोललेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये तर शेवटचं पाऊल त्याने स्वतः उचलायचं असतं. मृत्युदंड आणि मागून घेतलेलं मरण, या दोन गोष्टींना एकाच नावाने हाक मारू नकोस. आणि फाशी क्रूर वाटत असेल तर फाशीविषयीच बोला. पांढरा कोट घातल्याने ती उपचार होत नाही.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. ११ दिवस व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर म्हणाले सुधारणेची आशा नाही. भावाने आणि मी सही करून घरी आणलं, वाटेत नळी काढली, तीन तासांत गेले. कागदावर लिहिलं होतं ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’. तेव्हापासून झोप नाही. मी वडिलांना मारलं का? (एक मुलगी, जळगाव)

उत्तर : नाही, ताई. तुमच्या वडिलांना मेंदूतल्या रक्तस्रावाने मारलं. मशीन ते मरण ११ दिवस लांबवत होतं.

‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ हे शब्द वाचून तुमचा जीव तुटला असेल. खान्देशात किती घरांत हा कागद असेल! डॉक्टर तोंडाने सांगतात, ‘आता काही उरलं नाही, घरी न्या.’ आणि सही मात्र अशा कागदावर घेतात की जणू आपणच हट्टाने नेलं. डॉक्टरला पोलिसांची भीती असते म्हणून तो असं करतो, आणि ओझं मुलीच्या डोक्यावर जातं. हे असं होण्याची गरज नव्हती. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय की सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि आशा उरली नसेल तर उपचार थांबवता येतात. २४ जानेवारी २०२३ ला तो मार्ग आणखी सोपा केला. रुग्णालयातच तीन डॉक्टरांचं मंडळ पाहतं, मग तीन डॉक्टरांचं दुसरं मंडळ, त्यातला एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. घरच्यांची संमती घ्यायची, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि तिथेच, रुग्णालयातच, वेदनेचं आणि घाबरं न होण्याचं औषध चालू ठेवून मशीन काढायचं. ॲम्ब्युलन्समध्ये, पारोळा रोडच्या खड्ड्यांत, मुलीच्या डोळ्यांदेखत नळी काढायची वेळ यायला नको होती. तुमच्यावर अन्याय झाला असेल तर तो हा.

तुम्ही लिहिलंय की शेवटी घशात घरघर होती, ते तडफडत होते का? त्या अवस्थेत घशातला ओलावा गिळला जात नाही, श्वासाबरोबर त्याचा आवाज होतो. ऐकणाऱ्याला तो असह्य होतो. मेंदूचं एवढं नुकसान झालेल्या माणसाला तो जाणवत नाही.

आता माझं ऐका. २००९ मध्ये माझ्या सासूबाई एका मोठ्या शहरातल्या आयसीयूत १९ दिवस होत्या. नळी ओढतील म्हणून दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधलेले. मी डॉक्टर, तेही भुलीची. मशीनवरचा प्रत्येक आकडा मला कळत होता आणि त्या परत येणार नाहीत हेही कळत होतं. ‘थांबवा’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. अरुणा शानबाग यांचा निकाल यायला अजून दोन वर्षं होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या त्या नर्सवर १९७३ मध्ये हल्ला झाला होता, तेव्हापासून त्या भान हरपून पडून होत्या. २०११ मध्ये त्यांच्याच खटल्यात न्यायालयाने पहिल्यांदा उपचार काढून घेण्याला वाट दिली. त्यांचं अन्न मात्र थांबवू दिलं नाही, कारण त्यांना सांभाळणाऱ्या नर्सेसना ते नको होतं. पुढे २०१५ मध्ये न्यूमोनियाने जाईपर्यंत त्या नर्सेसनी त्यांना मुलीसारखं न्हाऊ-माखू घातलं. तर कायदा नव्हता हे माझं एक कारण. दुसरं कारण असं की चार नातेवाइकांसमोर ‘सुनेने थांबवलं’ हे ऐकायची मला भीती वाटली. माझ्या भीतीपायी त्या १९ दिवस बांधलेल्या राहिल्या. तुम्ही वडिलांना घरी आणलंत. तुमच्या पत्रात आहे की त्यांच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं तेव्हा भावाने त्यांचे पाय धरले होते. माझ्या सासूबाईंना आम्ही एवढंही देऊ शकलो नाही.

झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, टाळू नका. आणि तो कागद घरात ठेवायचाच असेल तर त्याच्या मागे तारीख घालून डॉक्टर तोंडाने जे म्हणाले ते लिहून ठेवा. भावाचीही सही घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, मुलं बाहेर. नळ्या लावून पडून राहायचं नाही, हे आत्ताच लिहून ठेवता येतं का? वकील पाच हजार सांगतो. आणि तुम्ही स्वतः केलंय का? (अमळनेर)

उत्तर : येतं. वकील लागतोच असं नाही. १८ वर्षांवरची, शुद्धीत असलेली कुणीही व्यक्ती ‘लिव्हिंग विल’ करू शकते. साध्या मराठीत लिहा : बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, आणि माझ्या वतीने बोलणारं माणूस कोण. एकाहून जास्त नावं देता येतात. द्याच, कारण एकाचा फोन नेमका तेव्हा लागणार नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करा, शक्यतो वारस नसलेल्या. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते प्रमाणित करा. २०१८ च्या निकालात यासाठी न्यायदंडाधिकारी लागत होते, म्हणून फारसं कुणी केलं नाही. २०२३ पासून ती अट गेली. एक प्रत घरच्या डॉक्टरांना, एक नाव दिलेल्या माणसाला, आणि एक नगरपालिकेत. स्थानिक संस्थेने ती जपण्यासाठी अधिकारी नेमायचा असतो. खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर मुख्याधिकाऱ्यांना भेटा, पोच घेतल्याशिवाय उठू नका. मन बदललं तर कागद कधीही बदलता येतो, आणि तुम्ही स्वतः बोलू शकता तोवर तुमचा शब्दच चालतो.

एक गोष्ट मात्र त्या कागदाने होणार नाही. त्यात ‘मला इंजेक्शन द्या’ असं लिहिता येत नाही. उपचार नाकारता येतात, मरण मागता येत नाही. आणि काय हवं तेही लिहा. लोक नुसतं ‘नको, नको’ लिहितात. वेदनेचं औषध हवं, तोंड कोरडं पडलं तर ओला कापूस हवा, कुठल्या गावी न्यायचं, हे लिहा.

माझा कागद दोन वर्षांपूर्वी झाला. श्वासाचं मशीन नको, छाती दाबणं नको, जेवणाची नळी नको. मॉर्फिन हवं, संकोच न करता. हात बांधू नयेत. ही ओळ मी अधोरेखित केली आहे. माझ्या वतीने बोलायला भाची आणि मुलगा, अशी दोन नावं घातलीत. भाचीने वाचून ‘मावशी, मला जमेल’ म्हटलं. मुलगा पुण्याला असतो. त्याला प्रत पाठवली, ती मिळाल्याचं त्याने सांगितलं आणि विषय बदलला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येतोय. आमरस-पुरणपोळी झाली, घागर भरून झाली, की ओट्यावर त्याला जवळ बसवून कागद पुन्हा एकदा मोठ्याने वाचायचं मी ठरवलंय.